एरंडेलात गोठलेला आवाज

पुंडलिकनगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी हल्ली एक लाकडी घाणा सुरू झाला आहे. कधी शेंगदाणा, कधी करडई, कधी जवस. आठवड्याचा वार बदलला की गल्लीचा वास बदलतो. काल संध्याकाळी भाजी घेऊन परतताना मी तिथे थबकले, कारण घाण्यात एरंडी पडली होती. जड, कोंदट, किंचित कडसर असा तो वास पायांना धरून ठेवणारा होता. एरंडेल म्हटलं की लोकांना लहानपणचा चमचा आणि दुसऱ्या दिवशीची धावपळ आठवते. मला विमानं आठवतात. घाणेवाला म्हणाला, "मॅडम, केसासाठी पायजे का पोटासाठी?" मी म्हटलं, "इंजिनासाठी." तो हसला. थट्टा वाटली असणार त्याला. मी एक बाटली घेतली आणि पिशवीत मेथीच्या जुडीशेजारी उभी करून घरी आले.

माझे सासरे, ज्यांना मी शेवटपर्यंत मामंजीच म्हणत आले, इथल्या एका कॉलेजात विमानांची मॉडेलं बनवायला आणि उडवायला शिकवायचे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मधल्या खोलीतल्या एका लोखंडी कपाटाला कायम कुलूप असे आणि किल्ली मामंजींच्या जानव्याच्या जागी, म्हणजे बनियनच्या आत दोऱ्याला असे. आमच्या घरात जानवं कुणाचं नसतं, बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या पिढीतलं आमचं घर, म्हणून किल्लीला जानवं म्हणायची ही थट्टा सासूबाईच करायच्या. मला वाटलं होतं, कपाटात दागिने असतील. एकदा मी भीत भीत विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "दागिने कुटले? माझ्या सवती हायेत त्यात. एक नाय, कपाटभर." त्या दिवशी मामंजींनी कपाट उघडलं. मिठाईच्या जुन्या खोक्यांच्या उतरंडी होत्या. एक खोकं त्यांनी काढलं, मऊ सुती फडक्याची घडी उलगडली आणि लिंबाएवढी एक वस्तू माझ्या तळहातावर ठेवली.

ते इंजिन होतं. खरंखुरं, चालणारं. मी शाळेत भूगोल शिकवणारी बाई. पृथ्वी, समुद्र, पर्वत असल्या अवाढव्य गोष्टींपुढे विस्मित व्हायची मला सवय. इतक्या लहानशा वस्तूपुढे आपली बोलती बंद होऊ शकते हे मला त्या दिवशी कळलं. त्याला बोटाच्या पेराएवढं नळकांडं होतं, त्यावर थंड व्हायला कंगोरे होते, पुढे पंखा बसवायचा दांडा आणि बाजूला इंधन मोजून सोडणारी एक सुई होती. मामंजींनी दांडा हळूच फिरवला. तो अर्ध्यात अडला, थोडा मागे आला, जणू आतून कुणी नको म्हणत होतं. "दाब हाय तो," ते म्हणाले. "आतल्या दट्ट्याला रिंग नाय. कायच नाय मधी. धातूला धातू घासून घासून इतका नीट बसवलाय की हवा बी सुटत नाय. हाताच्या उबेनं सुदिक फरक पडतो त्याला." मी मूठ मिटून धरली. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा दांडा फिरवायला सांगितला. खरंच, तो मघापेक्षा वेगळा फिरला. माझ्या रक्ताची ऊब त्या लोखंडाला कळली होती.

या इंजिनांचा इतिहास मामंजी गोष्टीसारखा सांगत. सुरुवातीची इंजिनं पेट्रोलवर चालायची. त्यांना ठिणगी लागे, ठिणगीसाठी बॅटरी लागे, आणि इंजिनापेक्षा बॅटरीचंच ओझं घेऊन बिचारं विमान उडे. मग दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास युरोपातल्या काही कारागिरांनी ठिणगीच काढून टाकली. हवा इतकी दाबायची की ती तापून इंधन आपोआप पेटावं. युद्ध संपल्यावर अमेरिकेत तारेचं एक इवलं वेटोळं आलं, एकदा तापवलं की ते स्वतःच लाल राहून इंजिन पेटतं ठेवी. या साऱ्यात मामंजींचा जीव जडला होता तो दाबानं पेटणाऱ्या इंजिनांवर. "ठिणगी बाहेरून घेत नाय ते," ते म्हणत, "दाबलं की पेटतं. आपल्यासारखं." हे म्हणताना ते मिशीत हसत, पण वाक्य थट्टेचं नसे. अशी इंजिनं पुढे कलकत्त्यालाही बनू लागली आणि देशभरच्या कॉलेजांत पोचली. त्यांचं इंधन घरीच कालवायचं: ईथर, रॉकेल आणि एरंडेल, तिघांची सारखी वाटणी. ईथर पेट घेई, रॉकेल जोर देई आणि एरंडेल सगळ्यांचा राग सोसून दट्ट्याला झिजू देत नसे. जळालेल्या एरंडेलाचा तो गोडसर धूर ज्यानं एकदा घेतला तो त्यातून सुटत नाही. मी सुटले नाही, दुसऱ्याचं काय सांगू.

इंजिनं जमवण्याची त्यांची रीत शिकाऱ्याची नव्हती. जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगात एखादं दिसे, कुणा निवृत्त माणसाच्या माळ्यावर सापडे, एखादा जुना विद्यार्थी पाठवून देई. आलेलं प्रत्येक इंजिन बहुधा जाम झालेलं असे, कारण लोक ते चालवत आणि तसंच ठेवून देत. आत राहिलेलं एरंडेल वर्षांमागून वर्षं घट्ट होत जातं आणि शेवटी डिंकासारखं सगळं धरून बसतं. ज्या तेलानं जन्मभर वाचवलं तेच शेवटी आवळतं. म्हणून या लोकांत एक नियम असतो: ठेवण्याआधी एरंडेल धुऊन काढायचं आणि शिलाई मशीनचं पातळ तेल द्यायचं. मामंजी हे प्रत्येक पोराच्या डोक्यात ठोकून भरत. जाम इंजिन त्यांच्या हाती आलं की दांड्याला जोर कधी लावत नसत. जोर लावला की दट्ट्याला दांड्याशी जोडणारी आतली नाजूक काडी वाकते. ते ऊब देत, वाट बघत, पुन्हा ऊब देत. कितीतरी इंजिनं त्यांनी अशी सोडवली. आणि तरीही कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात, लुगड्याच्या हिरव्या तुकड्यात गुंडाळलेलं एक इंजिन होतं, ते मात्र जामच होतं. माझ्या नवऱ्यानं एकदा विचारलं, "दादा, समदी सोडवता, हे का नाय सोडवत?" मामंजी म्हणाले, "त्याला निजू दे." विषय तिथेच संपला.

त्या हिरव्या तुकड्याची गोष्ट मला पुष्कळ वर्षांनी कळली, सासूबाई गेल्यानंतर. मी आणि मामंजी अंगणात तूर निवडत बसलो होतो आणि ती त्यांनी आपणहून सांगितली. मामंजींचं गाव वैजापूरकडचं. कॉलेजात असताना त्यांच्या शिक्षकांनी हे इंजिन त्यांना बक्षीस दिलं, म्हणून सुट्टीत विमान घेऊन ते गावी गेले. हे विमान तारांवर उडतं. मधे माणूस मूठ धरून उभा राहतो, तारांच्या टोकाला विमान, आणि ते त्याच्याभोवती घोंघावत फिरतं. गावाबाहेरच्या माळावर सगळं गाव लोटलं. पाटलाचं घर आलं, मेंढरंवाले आले, आमच्या आळीतलेही आले. पहिल्यांदा जो तो आपापल्या ठरल्या जागी, आपापल्या अंतरावर उभा राहिला. पण विमान उडालं आणि तारेच्या आत कुणाला राहता येईना. पुढे आलेले मागे सरले, बघायच्या ओढीनं मागचे पुढे सरकले. बघता बघता सगळं गाव तारेबाहेर गोल उभं राहिलं.

"गोलाला वरचं टोक नसतं बाई, खालचं बी नसतं," मामंजी म्हणाले. तुरीतला खडा त्यांनी बाजूला केला. "मधी मी. माझी माय पाटलाच्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तिला कळलं बी नाय, पाटलाला बी नाय. म्या बघत होतो समद्यांकडं, गरगर फिरत. म्हणलं, ह्ये तेल संपूच नये."

तेल संपलं. विमान उतरलं. आई जवळ आली, तापलेल्या इंजिनाकडे बघून म्हणाली, "लेका, तुझ्या मुठीत आग्यामव्हळ होतं रं." मग तिला काळजी वाटली. बांधावरची एरंडी भाजून, कुटून, पाण्यात उकळून ती घरी तेल काढत असे. बैलगाडीच्या आसाला तेच, दिव्याला तेच, लेकरांच्या टाळूला तेच. गाडी दमून आली की आसाला तेल देतात, मग हे इतकं गरगर फिरलेलं कोरडं कसं ठेवायचं? तिनं वाटी आणली. मामंजींनी ते तेल इंजिनाच्या तोंडाशी येईपर्यंत भरलं आणि आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं. पुढे पोरांना जी चूक करू नका म्हणून ते सांगणार होते, ती त्यांनी स्वतः, विश्वासानं, आईच्या हातून केली होती. आई त्याच वर्षी गेली. काही काळानं त्यांनी तो तुकडा सोडून पाहिला तर इंजिनाचा दांडा हलेना.

मी तूर निवडत राहिले. कपाटातल्या त्या सवती मला त्या दिवसापासून निराळ्या दिसू लागल्या.

मग मामंजींचे कान जाऊ लागले. हे दुःख मला त्यांच्यासाठी फार टोचलं, कारण त्यांचा सगळा हुन्नर कानात होता. इंजिन सुरू झालं की वरचा स्क्रू फिरवून आतला दाब कमी-जास्त करायचा असतो आणि तो किती, हे आवाजच सांगतो. कॉलेज सुटल्यावरही दर दसऱ्याला ते एक-दोन इंजिनं चालवायचे. दसरा आमच्याकडे दीक्षेचा दिवस. सकाळी पांढरे कपडे, वंदना, खीर आणि मग गच्चीवर फळीला आवळलेलं इंजिन. मी स्वयंपाकघरात असे, पण त्यांनी स्क्रू किती फिरवला ते मला खाली कळे. एका दसऱ्याला मला खाली ऐकू आलं, की इंजिनाला धाप लागली आहे आणि तरी मामंजी स्क्रू फिरवत नाहीत. तेव्हा मी समजले. डॉक्टरांनी कानाला मशीन दिलं आणि सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, राहिलेलंही हळूहळू जाईल.

त्यानंतरच्या वर्षी, दसरा जवळ आला असताना, एका सकाळी त्यांनी तो हिरवा तुकडा आणून माझ्या ओट्यावर ठेवला. "बाई," ते म्हणाले, "जरा ऐकू येतंय तवर याला बोलतं करावं म्हणतो. मायनं ऐकलेला आवाज हाय तो. मला एकदा परत पायजे." मग बराच वेळ त्या तुकड्याच्या घड्या नीट करत राहिले. "पर आत तिचंच तेल हाय. तिच्या हातचं तेवढंच राहिलंय आता. सोडवलं की ते बी गेलं."

एवढी वर्षं ते कशाला अडले होते ते आता उघड झालं. आवाज हवा तर तेल जाणार, तेल ठेवावं तर आवाज कायमचा मुका. मला जे सुचलं ते स्वयंपाकघरातलं होतं. मी म्हटलं, "मामंजी, तेल जाईल, पण जाताना वास तरी येईल. आज तर तो पण कोंडलेलाच आहे ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "कशात तापवायचं?" मी आधी वाळूची कढई म्हणाले, तर ते दचकलेच. वाळूचा एक कण आत गेला तर जन्माचं वाटोळं. मग मी कुकर काढला. बिनपाण्याचा, शिट्टी काढलेला, रबर काढलेला, जसा आपण केकसाठी ठेवतो. आत जाळी, जाळीवर इंजिन, खाली अगदी बारीक आच. मामंजी खुर्ची ओढून गॅसपुढे बसले.

पहिल्यांदा नुसत्या तापल्या लोखंडाचा वास आला. मग, बऱ्याच वेळानं, तो आला. दुकानातल्या एरंडेलाला असतो तसा नाही. त्यात भाजणीचा, धुराचा, चुलीचा वास होता. ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही तिची चूल माझ्या ओट्यावर पेटल्यासारखं झालं. मामंजींचे कान गेले होते, नाक शाबूत होतं. ते डोळे मिटून बसले आणि त्यांचा खालचा ओठ लहान मुलासारखा हलत होता. मी झाकण काढलं. दांड्याच्या कडेनं एक तांबूस, दाट थेंब बाहेर आला होता. मी फडकं पुढे केलं, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. थेंब बोटावर घेतला, फुंकर घालून निववला, आणि तो आपल्या पांढऱ्या डोक्यावर, टाळूच्या मधोमध लावला. हळूहळू जिरवला. दुसरा आला, तोही तसाच. मग उरलेलं फडक्यानं टिपायला त्यांनी मला परवानगी दिली. दुपारपर्यंत दांडा त्यांच्या नुसत्या बोटानं फिरू लागला होता.

दसऱ्याला वंदना झाली. ईथर एका ओळखीच्या रसायनाच्या सरांनी दिलं होतं, रॉकेल कुठूनतरी नवऱ्यानं आणलं होतं. तो शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला, त्यानं गच्चीच्या कठड्याला फळी पक्की आवळून दिली. मामंजींनी बोटावर जुन्या कातडी हातमोज्याचं बोट चढवलं आणि पंख्याला झटका दिला. काही झालं नाही. पुन्हा झटका, पुन्हा काही नाही. शेजारच्या गच्चीवरून आमच्या शेजारणीनं विचारलं, "क्या चाचा, आज मिक्सर छत पे चलारे क्या?" मामंजींना ऐकू गेलं नाही, मीच हसले. बऱ्याच झटक्यांनंतर इंजिनानं एक ठसका दिला, निळसर धूर सोडला आणि ते सुरू झालं. कानातल्या मशीनमधून नुसता कर्कश्श खरखराट येत असणार, त्यांनी ते काढून खिशात टाकलं आणि माझ्याकडे बघितलं.

"कसं वाजतंय, बाई?"

मी त्यांच्या कानाशी ओरडले, "जाड. ओलं वाजतंय." त्यांनी सुई किंचित बंद केली. "आता?" "आता नीट, पण जोर नाही." स्क्रू थोडा आवळला. "आन् आता?" "धाप लागली त्याला. मागे घ्या." त्यांनी केसभर मागे घेतला. आणि तो आवाज एकदम उघडला. मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या घरात फिरणारा तो लिंबाएवढा जीव एकसंध, गोल, भरदार असा गाऊ लागला, की माझ्या छातीच्या फासळ्या त्या सुरात थरथरू लागल्या. एवढ्याशा धातूत एवढं काही मावतं, आणि ते एका बाईच्या वाटीभर तेलात इतकी वर्षं निजून राहतं, याचं आश्चर्य मी आजवर पचवू शकलेले नाही. "आता?" त्यांनी पुन्हा विचारलं. मला शब्द सापडला. तो माझा नव्हता. मी म्हटलं, "आग्यामव्हळ."

त्यांनी स्क्रूवरून हात काढला. तळहात फळीवर पालथा ठेवला आणि तसेच उभे राहिले. त्यांना किती ऐकू आलं, किती हातातून पोचलं, मी विचारलं नाही. टाकी संपत आली तेव्हा त्यांनी मान वर करून सभोवार बघितलं. त्या आवाजानं चहूबाजूंच्या गच्च्यांवर माणसं आली होती. आमची, परकी, ओळखीची, भांडलेली, सगळी आपापल्या कठड्याला टेकून आमच्याकडे बघत होती. "बघ," मामंजी म्हणाले, "गोल उभे हायेत." तेवढ्यात इंजिन थांबलं.

मामंजी गेले त्याला आता काही काळ लोटला. ते इंजिन त्यानंतर वाजलेलं नाही. ईथर मिळत नाही, रॉकेल रेशनवरून केव्हाच गेलं आणि स्क्रू फिरवणारा हात नाही. ऐकणारा कान तेवढा आहे, पण नुसत्या कानानं इंजिन चालत नाही. तिघांच्या वाटणीतलं आज उरलं आहे ते एरंडेल, तेही आमच्याच गल्लीत पुन्हा उगवलेलं.

काल घरी आल्यावर मी मेथी तशीच ठेवली आणि कपाट उघडलं. हिरवा तुकडा सोडला. मामंजींनी स्वतः दिलेलं शिलाई मशीनचं पातळ तेल आत होतं, दांडा रेशमासारखा फिरत होता. नियमाप्रमाणे तेच बरोबर आहे. मी घाण्यावरची बाटली उघडली आणि इंजिनाच्या तोंडाशी येईपर्यंत एरंडेल भरलं. ही चूक आहे हे मला माहीत आहे. या घरात ती पूर्वी एकदा झाली आहे. तेल वर्षानुवर्षं घट्ट होत जाईल, दांडा अडेल, आणि मीही तोवर नसेन. पण ज्या कुणाला हे सापडेल त्यानं जोर न लावता बारीक आचेवर ठेवून वाट बघितली, तर हे सुटेल. तेव्हा आधी वास येईल आणि मग आवाज.